एनएफएलमध्ये कोच व्हायचं तर सुरुवात कुठून? (स्वतः फारसं न खेळलेल्या मुलासाठी)

कोलंबसकर

नमस्कार मंडळी. पुतण्या ओहायोत युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. जन्म अमेरिकेतला, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही. हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅक (समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, झाकणारा) खेळायचा, कॉलेजच्या संघात जागा मिळाली नाही. आता म्हणतो एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, कोच व्हायचंय. घरच्यांचा एकच प्रश्न: जो स्वतः वरच्या पातळीवर खेळला नाही त्याला तिथे कोण उभं करणार?

मला हवंय ते असं. पायऱ्या नेमक्या कोणत्या, प्रत्येक पायरीवर रोजचं काम काय, आणि माणसं अडकतात कुठे. 'जिद्द असेल तर सगळं होतं' छापाची उत्तरं कृपया नकोत, ती यूट्यूबवर ढीगभर आहेत.

तिसरा_डाऊन

वाट आहे, आणि अलीकडचंच उदाहरण आहे. सिअ‍ॅटल सीहॉक्सने २०२४ च्या जानेवारीत माइक मॅक्डोनल्ड यांना हेड कोच नेमलं तेव्हा त्यांचं वय होतं ३६. कॉलेजात ते फुटबॉल खेळलेलेच नाहीत. जॉर्जिया युनिव्हर्सिटीत शिकत असतानाच तिथल्याच अथेन्स गावातल्या एका हायस्कूलच्या संघाला शिकवायला लागले. २०१० मध्ये जॉर्जियातच ग्रॅज्युएट असिस्टंट, २०१४ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सकडे इंटर्न, मग डिफेन्सचा (बचावाच्या बाजूचा) मदतनीस, पुढे डिफेन्सिव्ह बॅक्स (बचावाची मागची फळी) आणि लाइनबॅकर्स (मधली फळी) यांचे कोच, मध्ये २०२१ चा एक सीझन मिशिगनला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (अख्ख्या डिफेन्सचा कोच), मग रेव्हन्सला त्याच पदावर दोन सीझन. एकही पायरी गाळलेली नाही.

आणि खेळलेल्याला तरी पायऱ्या कुठे चुकतात? डमेको रायन्स दोनदा प्रो बोलला (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला) निवडला गेलेला लाइनबॅकर. त्याने २०१७ मध्ये फोर्टीनाइनर्सकडे सुरुवात केली ती डिफेन्सिव्ह क्वालिटी कंट्रोल या सगळ्यात खालच्या खुर्चीवर. मग लाइनबॅकर्स, मग कोऑर्डिनेटर, आणि २०२३ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सचा हेड कोच. मोठ्या खेळाडूला दार लवकर उघडतं आणि पायऱ्या तो भरभर चढतो, इतकाच फरक.

शिडी साधारण अशी. पदवीच्या आधी विद्यार्थी मदतनीस. पदवीनंतर ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे सगळे म्हणतात तो जीए. यासाठी मास्टर्सला प्रवेश घेणं सक्तीचं आहे. फी माफ आणि वर थोडं विद्यावेतन, हा नेहमीचा सौदा. त्यापुढे कॉलेजात अ‍ॅनालिस्ट किंवा एनएफएलमध्ये क्वालिटी कंट्रोल. मग एखाद्या पोझिशनचा (मैदानावरच्या एका जागेच्या खेळाडूंचा) सहायक कोच, पोझिशन कोच, कोऑर्डिनेटर, हेड कोच. एनएफएलमध्ये संघ ३२, म्हणजे हेड कोचच्या खुर्च्या ३२ आणि प्रत्येकाच्या हाताखाली वीसेक कोच. आकडा एवढाच आहे, हे घरी नीट सांगा.

कॉलेजच्या बाजूला एक मोठा बदल झालाय तो लक्षात घ्या. पूर्वी पहिल्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये हेड कोच, दहा असिस्टंट आणि मोजके जीए सोडून कोणालाही मैदानावर खेळाडूंना शिकवायची मुभा नव्हती. अ‍ॅनालिस्टने फक्त खोलीत बसून फिल्म पाहायची. २०२४ च्या जूनमध्ये एनसीएएने (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) ती अट काढली. आता स्टाफमधला कोणीही शिकवू शकतो. कॅम्पसबाहेर जाऊन रिक्रूटिंग (संघासाठी खेळाडू हेरून आणणं) करायला मात्र मर्यादा कायम आहे. त्यामुळे अ‍ॅनालिस्टची नोकरी आता बरीच कामाची झालीय. जुनी यूट्यूब उत्तरं याबाबत चुकीची आहेत.

आता रोजचं काम. क्वालिटी कंट्रोल या नावावर जाऊ नका, हा माणूस कशाचाही दर्जा तपासत नसतो. तो पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म फोडतो, बाकीच्या कोचांपेक्षा एक आठवडा पुढे राहून. प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार सामने घ्यायचे. एका सामन्यात एका बाजूचे साधारण ६०-७० स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव). प्रत्येक स्नॅपसाठी भरायचं: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू कोणत्या यार्डावर, डावा हॅश की उजवा (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा), पर्सोनेल कोणतं (पहिला आकडा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, दुसरा टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही झेलणारा, म्हणजे ११ पर्सोनेल असेल तर प्रत्येकी एक आणि तीन रिसीव्हर), फॉर्मेशन, मोशन (स्नॅपआधी कोण सरकलं), समोरचा फ्रंट (डिफेन्सची पुढची फळी), कव्हरेज (पास झाकायची पद्धत), ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर, जादा माणसं धावून येणं) आली का आणि कुठून, शेवटी काय झालं. यात एक रकाना चुकला तर बुधवारी कोऑर्डिनेटरच्या हातात पडणारा तक्ता चुकतो, आणि ते सगळ्यांसमोर उघडं पडतं.

झोन_ब्लॉक

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक भर घालतो, कारण संख्याशास्त्राचा मुलगा नेमका इथेच घसरतो.

चार सामने म्हणजे एका बाजूचे २६० च्या आसपास स्नॅप. ऐकायला बरे वाटतात. त्यातले तिसरा डाऊन आणि सातपेक्षा जास्त यार्ड असे वेगळे काढले की उरतात जेमतेम पंचवीस-तीस. ते पुन्हा हॅश आणि पर्सोनेलनुसार वाटले की एकेका घरात पाच-सहा. आणि मग नवखा माणूस लिहितो, 'उजव्या हॅशवर ८० टक्के वेळा ब्लिट्झ'. पाचातले चार! कोऑर्डिनेटर विचारतो, 'कोणते चार?' फिल्म लावली की दिसतं, त्यातले दोन सामना हातातून गेल्यानंतरचे आणि एक राखीव क्वार्टरबॅकविरुद्धचा. नियम सोपा आहे: दहापेक्षा कमी स्नॅप असतील तर टक्के लिहायचे नाहीत, सरळ '५ पैकी ४' लिहायचं आणि शेजारी स्नॅपचे क्रमांक द्यायचे. निकाल लागून गेल्यानंतरचे स्नॅप वेगळ्या टॅबवर. प्रतिस्पर्ध्याने मधेच प्ले कॉल करणारा माणूस बदलला असेल तर त्याआधीची फिल्म त्या कामापुरती बाजूला ठेवायची.

दुसरं काम कार्डांचं. आपल्या डिफेन्ससमोर प्रॅक्टिसमध्ये प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेते ती स्काउट टीम. तिला प्लेबुक येत नसतं. हडलमध्ये तुम्ही कार्ड वर धरता, ती पोरं बघतात आणि धावतात. कार्ड व्हिजिओत (आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) काढा नाहीतर जाड मार्करने हाताने, पाच-सात पावलांवरून एका नजरेत कळलं पाहिजे. वर कोपऱ्यात स्क्रिप्टचा क्रमांक, हॅश आणि पर्सोनेल. सगळ्यात जास्त चुका होतात त्या अंतरांच्या. रिसीव्हर मैदानावरच्या आकड्यांच्या बाहेर उभा राहत असेल आणि कार्डात आत काढला, तर आपला कॉर्नर आठवडाभर चुकीच्या बाजूने झाकायला शिकतो. रविवारी तो टचडाऊन कोणाच्या नावावर लागायचा तो लागतो, पण आतल्या खोलीत सगळ्यांना माहीत असतं कार्ड कोणी काढलं होतं.

एनएफएलचा आठवडा ठरलेला असतो. सामना रविवारचा असेल तर सोमवारी झालेल्या सामन्याची फिल्म खेळाडूंबरोबर. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी, कोचांना नाही. गेम प्लॅन त्या रात्री बनतो. बुधवार पहिल्या-दुसऱ्या डाऊनचा, गुरुवार तिसऱ्या डाऊनचा, शुक्रवार रेड झोन (गोल लाइनआधीचे शेवटचे २० यार्ड) आणि गोल लाइनचा. शनिवारी हलकी उजळणी आणि प्रवास. मागे-पुढे होतं थोडं, पण क्रम हाच. या आठवड्यात खालच्या कोचला घर दिसतं ते झोपायला.

कोलंबसकर

दोघांचेही आभार, इतकं तपशिलात कोणी सांगितलं नव्हतं. दोन शंका. एक, ही फिल्म फोडण्याची सवय त्याला आत्ता घरबसल्या लावता येईल का? दोन, पैसा आणि स्थैर्य. त्याच्या आईचा प्रश्न आहे, टाळता येणार नाही!

झोन_ब्लॉक

पहिल्याचं उत्तर: येईल. टीव्हीवरच्या चित्रात सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) सहसा दिसत नाहीत, त्यामुळे कव्हरेज ओळखता येत नाही. सगळे बावीस खेळाडू दिसणारी फिल्म लागते, तिला ऑल-२२ म्हणतात. ती एनएफएलच्या पैसे भरून घ्यायच्या सेवेत मिळते. दोन कोन असतात, बाजूचा आणि गोलपोस्टमागचा. लाइनचं ब्लॉकिंग पाहायचं असेल तर मागचा कोन, कव्हरेजसाठी बाजूचा. एक संघ धरावा आणि त्याचे लागोपाठ चार सामने वर दिलेल्या रकान्यांसह एक्सेलमध्ये भरावेत. स्नॅपच्या आधी थांबवून कव्हरेजचा अंदाज लिहायचा, मग प्ले चालवून खरं काय होतं ते शेजारी. पहिल्या सामन्याला अख्खा दिवस जाईल, जाऊ दे.

त्याचबरोबर फळ्यावर काढायची सवय. मुलाखतीत हातात मार्कर देतात, आणि खरी परीक्षा तीच. ठरलेला प्रकार असा: 'तुझं एक पास प्रोटेक्शन लाव', म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायची रचना. तुम्ही हाफ-स्लाइड लावता. एका बाजूचे लाइनमन आपापला माणूस धरतात, दुसऱ्या बाजूचे सगळे मिळून एका दिशेला सरकतात, रनिंग बॅक आतला लाइनबॅकर आधी बघतो, तो आला नाही तर बाहेरचा. मग समोरचा माणूस एक सेफ्टी खाली आणतो आणि विचारतो, आता? मोजायचं: लाइन पाच, बॅक एक, अडवणारे सहा. येणारे सात. सातवा मोकळा, म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू लगेच सोडला पाहिजे. कोणत्या रिसीव्हरकडे, आणि त्याला हे कसं कळणार, इथपर्यंत उत्तर हवं. डिफेन्सच्या बाजूला कव्हर ३ लावायला सांगतात. तीन खोल झाकणारे, चार त्यांच्या पुढे खाली, चार रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे), अकरा झाले. लगेच एका बाजूला तीन रिसीव्हर उभे करून विचारतात, आतला तिसरा सरळ वर धावला तर त्याला कोण घेणार? जो 'अवलंबून आहे' म्हणून थांबतो तो गेला. कशावर अवलंबून आहे आणि प्रत्येक वेळी नियम काय, ते सांगता आलं पाहिजे.

माझा आग्रह: कॉर्नर खेळलाय म्हणून फक्त डिफेन्सिव्ह बॅक्स शिकू नये. प्रोटेक्शन आधी शिकावं. ज्याला प्रोटेक्शन कळतं त्याला दोन्ही बाजूंच्या खोलीत बसता येतं.

अकलूजची_आक्का

पैसा-स्थैर्याचं मी सांगते, कारण यावर गोड बोलणारे फार.

एनएफएलमधले गाजलेले हेड कोच बिल बेलिचिक यांचं नाव घरात माहीत असेल. १९७५ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सकडे त्यांनी सुरुवात केली ती आठवड्याला २५ डॉलरवर, फिल्म फोडण्याच्याच कामाला. त्यांचे वडील नौदल अकादमीत कोच आणि स्काउट, म्हणजे घरातच शाळा होती, तरीही. पुढे एनएफएलचे हेड कोच झालेले अँडी रीड १९८२ मध्ये ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत ग्रॅज्युएट असिस्टंट होते. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्को स्टेट, नॉर्दर्न अ‍ॅरिझोना, एल पासोचं टेक्सस विद्यापीठ, मिझुरी, आणि १९९२ ला कुठे ग्रीन बे पॅकर्स. दहा वर्षांत कॉलेजंच पाच. बायकापोरांसकट हे फिरणं असतं, हे आईला सांगा.

करारांचं असं: असिस्टंटांचे करार बहुतेक दोन-तीन वर्षांचे. हेड कोच गेला की नवा माणूस आपली माणसं आणतो, तुमचं काम कितीही चांगलं असो. रेग्युलर सीझन संपल्यावरच्या सोमवाराला तिथे ब्लॅक मंडे म्हणतात ते उगाच नाही. करार शिल्लक असेल तर पगार चालू राहतो, पण दुसरीकडे नोकरी मिळाली की तिथली रक्कम सहसा यातून वजा होते. म्हणून 'दोन पगार' वगैरे ऐकाल ते बहुधा खरं नसतं. खेळाडूंना युनियन आहे. कोचांची संघटना आहे, पण तिला सामुदायिक सौदा करण्याचा अधिकार नाही. सही करण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: करार हेड कोचच्या कराराच्या आधी संपतो का नंतर, दुसरीकडे नोकरी लागल्यावर वजावट किती, आणि दुसऱ्या संघाने बोलावलं तर सोडणार का.

शेवटच्या मुद्द्यावर २०२० मध्ये नियम बदलला. पूर्वी करारात असलेल्या असिस्टंटला कोऑर्डिनेटरच्या मुलाखतीलाही संघ अडवू शकायचा. आता खऱ्या कोऑर्डिनेटर पदाला अडवता येत नाही. समान पदासाठी मात्र अजून अडवतात, आणि कित्येक पोझिशन कोच असेच चांगल्या साहेबाकडे जाता जाता राहतात.

तिसरा_डाऊन

आक्कांनी 'चांगला साहेब' म्हटलंय, त्यावरच जरा थांबतो. माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मोठा निर्णय संघ कोणता हा नसून कोणाच्या हाताखाली हा आहे.

वॉशिंग्टनचा २०१३ चा संघ बघा. ३ जिंकले, १३ हरले, हेड कोच माइक शॅनहन यांना काढलं. त्या पडलेल्या स्टाफमध्ये कोण होतं? कोऑर्डिनेटर काइल शॅनहन, क्वार्टरबॅक्सना मॅट लाफ्लूर, टाइट एंड्सना शॉन मॅक्वे, रिसीव्हर्सना माइक मॅक्डॅनियल, डिफेन्सिव्ह बॅक्सना रहीम मॉरिस. मॉरिस आधी टँपा बे चे हेड कोच होऊन आलेले, पुढे अटलांटाचे झाले. बाकीचे चौघेही पुढे हेड कोच झाले. मॅक्वे तर २०१७ च्या जानेवारीत रॅम्सने नेमले तेव्हा ३० वर्षांचे होते, आधुनिक काळातले सगळ्यात तरुण. तीच गोष्ट १९९२ च्या ग्रीन बेची: माइक होमग्रेन यांच्या हाताखाली रे ऱ्होड्स, स्टीव्ह मरियुची, जॉन ग्रूडन, अँडी रीड. चौघेही हेड कोच झाले. यात रीड कधीच एनएफएलचे कोऑर्डिनेटर नव्हते, क्वार्टरबॅक कोचवरून थेट १९९९ मध्ये फिलाडेल्फियाचे हेड कोच. म्हणजे शिडीतली पायरी क्वचित गाळताही येते, पण त्यासाठी शब्द टाकणारा माणूस लागतो.

साहेब ओळखायचा कसा? त्याच्याकडचे जुने क्वालिटी कंट्रोलवाले आज कुठे आहेत ते बघा. तीन-चार वर्षांत त्यांना पोझिशन मिळाली असेल तर चांगलं. तीच माणसं तिथेच कार्डं काढत असतील तर तो साहेब हुशार कारकून साठवून ठेवणारा आहे. आणि इथेच बहुतेक जण अडकतात. फिल्मच्या कामात तुम्ही इतके उपयोगी होता की कोणालाच तुम्हाला हलवायचं नसतं. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या वर्षापासून काहीतरी शिकवायचं मागून घेणं: रुकी (पहिल्या वर्षाच्या) खेळाडूंची उजळणी, प्रॅक्टिसनंतरची पंधरा मिनिटं, स्पेशल टीम्समधलं (किकच्या वेळी उतरणाऱ्या संघांमधलं) एखादं युनिट. 'त्याने कधी खोली चालवलेली नाही' हा शेरा पुढच्या मुलाखतीत मारक ठरतो.

पेठेतला_पंटर

धागा छान चाललाय, मधेच घुसतो. पुण्यातून कोणाला हे करायचं असेल तर? इथे २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीगमध्ये 'पुणे मराठाज' संघ होता म्हणे, पण पुढे काही दिसलं नाही.

अकलूजची_आक्का

त्या लीगवर आज कोणाचं करिअर उभं राहणार नाही. अमेरिकेत विद्यार्थी म्हणून जायचं ठरवलं तर अडचण नेमकी अशी: एफ-१ व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि जीएचं काम सीझनमध्ये त्याच्या तिप्पट सहज जातं. संघ त्यामुळे बाहेरच्या विद्यार्थ्याला जीए घ्यायला कचरतात. 'उरलेले तास फुकट करतो' हा मार्ग धोक्याचा. ज्या कामाला इतरांना पगार मिळतो ते बिनपगारी करणं स्वयंसेवा धरलं जाईलच असं नाही. युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घेतल्याशिवाय काही करू नये.

पदवीनंतर ओपीटीचे (विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचे) १२ महिने मिळतात, काम मात्र पदवीच्या विषयाशी जोडलेलं हवं. संख्याशास्त्र, कॉम्प्युटर अशा विषयांना आणखी २४ महिने. त्यानंतर एच-१बी (नोकरीचा व्हिसा): युनिव्हर्सिट्यांना वार्षिक कोटा लागू नाही, एनएफएल संघांना आहे. म्हणून बाहेरच्या माणसाला कॉलेजची वाट सोपी.

व्हिसा न लागणारी एक गोष्ट म्हणजे एनएफएलची बिग डेटा बोल स्पर्धा. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमधल्या चिप सेकंदाला दहा वेळा त्यांची जागा नोंदवतात. तो डेटा कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर देतात आणि त्यातून काहीतरी उपयोगाचं काढायचं. यातून बऱ्याच जणांना संघांच्या अ‍ॅनालिटिक्स विभागात नोकऱ्या लागल्या आहेत. अ‍ॅनालिटिक्स विभाग आणि कोचिंग स्टाफ या दोन वेगळ्या खोल्या आहेत हे मात्र विसरू नका, एकातून दुसरीत जाणारे थोडे.

भारतीय वंशाचा माणूस हवाच असेल तर संजय लाल यांची कारकीर्द बघा. २००७ मध्ये ओकलंड रेडर्सकडे ऑफेन्सिव्ह क्वालिटी कंट्रोल, तिथेच पुढे रिसीव्हर्सचे कोच, आणि मग जेट्स, बिल्स, कोल्ट्स, काउबॉइज. पोझिशन कोच म्हणूनही आयुष्यभराची कारकीर्द होते, हे यातून कळेल. राहता राहिलं पुणं: फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आलाय, तो ठराव ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच मंजूर झाला. पाच-पाच जणांचा खेळ, पॅड-हेल्मेट नको. भारतात कोचिंग शिकायचं तर आज तेच हाताशी आहे.

कोलंबसकर

सगळ्यात वरची पायरी राहिली. कोऑर्डिनेटर ते हेड कोच कसं ठरतं? आणि ऑफेन्स (चढाईची बाजू) निवडावा की डिफेन्स?

तिसरा_डाऊन

तिथे निवडणारा मालक असतो, फुटबॉलवाला असेलच असं नाही. म्हणून प्रश्नही वेगळे येतात: स्टाफमध्ये कोणाला आणणार, पहिल्या पसंतीचा नाही आला तर दुसरा कोण, क्वार्टरबॅकचं काय करणार, वर्षाचं कॅलेंडर काय. प्रॅक्टिसचे नियम पाठ असावे लागतात. रेग्युलर सीझनमध्ये पॅड घालून १४ च प्रॅक्टिस घेता येतात. नव्या हेड कोचला वसंतातला कार्यक्रम इतरांपेक्षा दोन आठवडे आधी सुरू करता येतो आणि एक जादा मिनी कॅम्पही मिळतो. त्या दिवसांत काय करणार हे विचारतातच. तयार बाड घेऊन जायचं असतं, ते कोऑर्डिनेटर असतानाच वर्षानुवर्षं भरत ठेवतात.

मुलाखतींचे नियम: २००३ चा रूनी रूल, स्टीलर्सच्या डॅन रूनींच्या नावाचा. सुरुवातीला किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत सक्तीची होती, आता संघाबाहेरच्या दोघांची. त्यात स्त्रियाही धरल्या जातात. नुसत्या दाखवायला मुलाखती होतात हा आरोप जुना आहे. ब्रायन फ्लोरेस यांनी २०२२ मध्ये लीगवर खटलाच भरला. दुसऱ्या संघात नोकरीवर असलेल्याची प्रत्यक्ष मुलाखत प्लेऑफची डिव्हिजनल फेरी संपेपर्यंत घेता येत नाही, त्याआधी फक्त ऑनलाइन. हा बदल चांगला झाला, नाहीतर प्लेऑफ खेळणाऱ्या कोचची तयारी कच्ची राहायची.

ऑफेन्स की डिफेन्स? अलीकडे मालकांचा ओढा क्वार्टरबॅक शिकवणाऱ्यांकडे आहे, म्हणून त्या रांगेत गर्दीही तितकीच. स्पेशल टीम्समधून हेड कोच होणारे विरळा. जॉन हार्बॉ त्यातले. त्यांनाही फिलाडेल्फियात स्पेशल टीम्सची नऊ वर्षं झाल्यावर एक सीझन डिफेन्सिव्ह बॅक्स घ्यावे लागले, मग २००८ मध्ये रेव्हन्सचं पद मिळालं. ऑफेन्सिव्ह लाइनच्या कोचला नोकरी कधी कमी पडत नाही, हेड कोच मात्र क्वचित करतात. वयाच्या विसाव्या वर्षी हे ठरवण्यात काही अर्थ नाही, जिथे खुर्ची रिकामी तिथे बसायचं.

झोन_ब्लॉक

आणि पुतण्याने आत्ता काय करायचं ते. कॉलेजचं स्प्रिंग फुटबॉल म्हणजे १५ प्रॅक्टिस, बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलमध्ये. त्याआधी जानेवारी-फेब्रुवारीत स्वतःच्या युनिव्हर्सिटीच्या डिरेक्टर ऑफ फुटबॉल ऑपरेशन्सना ईमेल. हेड कोचला लिहू नये, ते वाचत नाहीत. ईमेल पाच ओळींचा: कोणतं वर्ष, कोणत्या वारी किती वाजल्यापासून मोकळा, एक्सेल आणि कोडिंग येतं, व्हिडिओ किंवा फिल्म टॅगिंगला काहीही काम चालेल. सोबत स्वतः फोडलेल्या एका सामन्याचा तक्ता, दोन पानांपेक्षा जास्त नको. 'एनएफएल कोच व्हायचंय' हे वाक्य गाळावं.

मोठ्या संघाने नाही म्हटलं तर जवळच्या डिव्हिजन ३ (कॉलेजच्या खेळांतला खालचा गट) कॉलेजात विचारावं. ओहायोत अशी कॉलेजं भरपूर आहेत, स्टाफ छोटा, त्यामुळे मैदानावर उभं राहायला लवकर मिळतं. हायस्कूलचाही पर्याय आहे. तिथे प्रथमोपचार, सीपीआर आणि डोक्याच्या दुखापतीचं प्रशिक्षण आधी पूर्ण करावं लागतं, ते आत्ताच उरकून प्रमाणपत्रं जवळ ठेवावीत. राज्याराज्यांत नियम वेगळे. टेक्ससमध्ये तर कोच सहसा शाळा-जिल्ह्याचा पूर्णवेळ कर्मचारीच असावा लागतो.

व्हिडिओचं काम मिळालं तर एक गोष्ट ठणकावून सांगा. उंच लिफ्टवर कॅमेरा घेऊन चढायचं असतं, आणि २०१० मध्ये नोत्र दाममध्ये जोराच्या वाऱ्यात अशीच लिफ्ट कोसळून एक विद्यार्थी गेला. वारा वाढला की खाली उतरायचं, कोच काहीही म्हणो.